दुसरा भाग

त्या बाईशी माझं पहिल्याच दिवशी भांडण झालं आणि ते अजून मिटलेलं नाही. मिटावं असं दोघींपैकी कुणालाच वाटत नसावं.

माझं पुस्तकांचं दुकान चिखलीत आहे. मुख्य रस्त्यापासून आत, एका बाजूला फॅब्रिकेशनचं शेड आणि दुसऱ्या बाजूला मोबाइलची कव्हरं विकणारा. शेडमध्ये ग्राइंडर लागला की गिऱ्हाइकाशी ओरडून बोलावं लागतं, म्हणून माझा आवाज कायमचा चढलाय, असं माझा नवरा म्हणतो. खरं कारण ते नाही. दुकानाआधी मी एका खासगी शाळेत ग्रंथपाल होते. एका मे महिन्यात शाळेने ग्रंथालयाचा डिजिटल कक्ष करून टाकला. जूनमध्ये मी कामावर गेले तर कपाटं व्हरांड्यात उभी, पुस्तकं भंगारवाल्याच्या टेम्पोत भरणं चाललेलं, आणि मुख्याध्यापिका मला म्हणाल्या, "आता सगळं टॅबवर आहे. तुम्ही खेळाच्या तासाला मदत कराल का?" मी त्याच दिवशी राजीनामा दिला आणि टेम्पोवाल्याकडून जमतील तेवढी पुस्तकं परत विकत घेतली. दुकान सुरू झालं ते असं, संतापात.

त्यामुळे स्क्रीनवर वाचणाऱ्यांबद्दल माझं मत काय असणार ते उघड आहे. माझ्याकडे कंपन्यांत कामाला आलेली मराठवाड्यातली, खानदेशातली माणसं येतात, शिक्षक येतात, भरतीची तयारी करणारी मुलं येतात. हे लोक घासाघीस करतात, पण घेतात. नव्या सोसायट्यांतली मंडळी वेगळी. ती पुस्तक हातात घेतात, कौतुकाने चाळतात, मुखपृष्ठाचा फोटो काढतात आणि "नंतर घेते हं" म्हणून जातात. मग कुठल्यातरी ग्रुपवर त्याची चोरीची पीडीएफ मागतात. असल्या एका ग्रुपवर मी मुद्दाम राहिले होते. माझ्याकडे नव्या पुस्तकाचा गठ्ठा सुटायच्या आत तिथे त्याची फाइल आलेली असायची आणि खाली जोडलेल्या हातांची चित्रं: "धन्यवाद सर, मोठी साहित्यसेवा." विक्रेत्यांच्या एका बैठकीत मी या विषयावर इतकी बोलले की शेवटी माइक बंद करावा लागला. दुकानात मी जाड अक्षरांत पाटीच लावली होती: फोटो काढू नयेत, पीडीएफ मागू नये.

गुरुवारी आमच्याकडे कंपन्यांना सुट्टी असते, म्हणून तो माझा गर्दीचा दिवस. अशाच एका गुरुवारी मी खाली वाकून पार्सल बांधत असताना समोरून बाईचा आवाज आला. तिने एका कादंबरीचं नाव घेतलं. सूतगिरणीत काम करणाऱ्या बाईची ती दोन भागांतली कादंबरी, माझी आवडती.

"त्याचा दुसरा भाग आहे का?"

"आहे."

"मला त्याची टेक्स्ट फाइल पाहिजे. ती नसली तर पीडीएफ, पण अक्षरं असलेली."

"पाटी वाचली नाही का?" मी वाकूनच म्हटलं.

"नाही. काय लिहिलंय?"

मी उठून उभी राहिले. पस्तिशीची, सडपातळ, टाचणीसारखी ताठ उभी. तिने नवऱ्याच्या कोपराला धरलं होतं आणि तिचे डोळे माझ्या चेहऱ्याच्या जरा बाजूला, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे होते. नवरा ओशाळून म्हणाला, "ताई, हिला दिसत नाही."

"कळलंय त्यांना," ती म्हणाली. "आता पाटी वाचून दाखवा."

मी वाचून दाखवली. दुकानातली चारही गिऱ्हाइकं आमच्याकडे बघू लागली.

"फोटो तर मी काढत नाही," ती म्हणाली. "पीडीएफ मात्र मागायलाच आले. आणि फुकट मागायले नाही. पुस्तकाची किंमत घ्या. पुस्तकही तुमच्यापाशीच राहू द्या. मला फक्त आतलं पाहिजे."

मी तिला सांगितलं की माझ्याकडे फाइल नसते, मी छापलेली पुस्तकं विकते, आणि प्रकाशकाने त्याचं ई-पुस्तक काढलंय ते फोनवर विकत मिळतं. तिने पर्समधून फोन काढला. काच कोळ्याच्या जाळ्यासारखी तडकलेली. त्यावर सराईतपणे बोटं फिरवून तिने ते ई-पुस्तक उघडलं आणि फोन माझ्यापुढे धरला. आतून बाईचा यांत्रिक आवाज आला: "चित्र. पुढचं पान, बटण. चित्र. पुढचं पान, बटण. चित्र."

"हे विकत घेतलंय मी. पानांचे फोटो काढून घातलेत नुसते. तुम्हाला दिसतात अक्षरं, माझ्या फोनला दिसत नाहीत. अख्खी कादंबरी अशीच आहे, चित्र, चित्र."

मी म्हटलं, मग ऐकायची पुस्तकं मिळतात, ती घे. एवढ्यात मी तिच्याशी एकेरीवर आले होते. ती म्हणाली, त्या ॲपचेही पैसे भरून झाले, आणि तिथे भुताच्या गोष्टी आणि श्रीमंत कसं व्हावं याशिवाय मराठीत फार काही नाही. कोणीतरी दुसऱ्यानेच निवडून ठेवलेलं. मी म्हटलं, दुपारी गर्दी नसते, येऊन बस, मी वाचून दाखवते. खरं तर ते मी माझ्या मानाने फार गोड बोलले होते.

"नको," ती म्हणाली. "हे वाचतात घरी. अडखळत वाचतात, मला मारामारी करावी वाटते. मला कुणाच्या तोंडून नको. मला मधेच थांबायचं असतंय, चार ओळी मागं जायचं असतंय. तुम्ही वाचताना कुणाला विचारून मागं जाता का?"

"तुझ्यासाठी मी प्रकाशक नाही होऊ शकत," मी चिडून म्हटलं. "त्यांच्याकडे जा."

"मेल केले. उत्तर येत नाही. तुमचा फोन उचलतील ते." जाताना दारात थांबून ती नवऱ्याला म्हणाली, मला ऐकू जाईल अशा बेताने, "तुम्ही म्हणालात पुस्तकांचं दुकान आहे. माझ्यासाठी हे खोक्यांचं गोदाम आहे."

मी दिवसभर धुमसत होते. गिऱ्हाइकांनी मला खूप काही ऐकवलंय, पण गोदाम कुणी म्हटलं नव्हतं.

तिचं म्हणणं खोटं पाडावं म्हणूनच मी दुसऱ्या दिवशी प्रकाशकांना फोन केला. पुण्यात पेठेत त्यांचं कार्यालय आहे, माझा त्यांच्याशी जुना व्यवहार. फोन त्यांनी लगेच उचलला. मी सगळं सांगितलं. मग त्यांचं ते मुलायम बोलणं:

"ताई, हे तुम्ही बोलताय? माइक बंद करावा लागला होता तुमच्यासाठी. आणि आता तुम्हीच फाइल मागताय?"

"मला नको आहे. एका गिऱ्हाइकाला हवी आहे. तिने तुमचं ई-पुस्तक विकत घेतलंय आणि तिला ते वाचता येत नाही. पैसे घेऊन तुम्ही तिला कोऱ्या पानांचं पुस्तक दिलंय."

"फाइल एकदा बाहेर गेली की गेली. उद्या ती चार जणांना देईल. अशा लोकांसाठी संस्था असतात, त्यांना सांगा ना. सहानुभूती आहेच हो आम्हाला."

सहानुभूती हा शब्द ऐकला आणि माझा पारा चढला. मी शाळेतून बाहेर पडले तेव्हाही मुख्याध्यापिकांना माझ्याबद्दल सहानुभूती होती. मी फोन आपटला.

पुढच्या गुरुवारी ती पुन्हा आली. मी सांगितलं, नाही म्हणाले. तिला आश्चर्य वाटलं नाही. ती म्हणाली, "कायद्यात आहे. ज्याला दिसत नाही त्याला वाचता येईल अशी प्रत करून द्यायला कुणाची परवानगी लागत नाही. धंदा करायचा नाही त्याचा, एवढंच. तुम्ही केली तरी चालतंय."

"मी?"

"तुमच्याकडे पुस्तक आहे. हात आहेत. डोळे आहेत."

तिच्या बोलण्याची हीच पद्धत. विनंती नावाची चीज नाही. माझ्याकडे सोसायटीतले एक वकील येतात, फोटो काढणाऱ्यांपैकीच. त्यांना मी दारातच अडवून विचारलं. त्यांनी दोन दिवसांनी सांगितलं, बाई बरोबर बोलतेय. पुढे म्हणाले, "पण तुम्ही कशाला त्यात पडता? प्रकाशकाशी संबंध बिघडतील." त्यांनी हे सांगितलं नसतं तर कदाचित मी त्यात पडले नसते.

दुसऱ्या भागाची एक प्रत मी कपाटातून काढली आणि कटरने तिचा कणा कापला. मग फॅब्रिकेशनवाल्याकडून हॅलोजनचा दिवा मागून आणला, एकेक पान सपाट ठेवून फोनने फोटो काढले, आणि फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणारं एक ॲप माझ्या भाच्याकडून घालून घेतलं. ते ॲप इंग्रजीसाठी बरं असावं. मराठीची त्याने चटणी केली. जोडाक्षरं फुटली, रफार उडाले, 'गिरणी'ची 'गिरवी' झाली, 'सासूबाई'चं काय झालं ते लिहवत नाही. दुपारभर बसून मी ओळ ओळ सुधारत असे आणि तयार होईल तेवढं तिला पाठवत असे.

आणि ती मला चुका सांगत असे. फोन करून. आभार नाहीत, कशा आहात नाही, थेट: "चौथ्या प्रकरणात 'भाकरी'चं 'भावारी' आलंय. नीट बघत जा."

"मी एकटी करतेय हे!"

"म्हणून तर सांगायले."

चाकणला गाड्यांच्या वायरिंगची जुडगी करणाऱ्या कारखान्यात ती तपासणीला होती, हे मला तेव्हा कळलं. दोष शोधायचं काम. लहानपणापासून तिला संध्याकाळनंतर कमी दिसायचं, गावाकडे परभणीच्या बाजूला सगळे रातांधळी म्हणायचे. मग दिवसाचंही आक्रसत गेलं. कंपनीत कळू नये म्हणून ती वायरी बोटांनी तपासायची, आणि बोटांनी तपासून तिने पाठवलेला माल कधी परत आला नाही, असं तिनेच मला ऐकवलं. तरी एक दिवस सुपरवायझरच्या लक्षात आलं आणि काम गेलं. कादंबरीचा पहिला भाग तिने त्याच वर्षी वाचला होता, ट्यूबलाइटखाली, पुस्तक नाकाला लावून. दुसरा भाग यायला लेखकाने वेळ लावला, तेवढ्यात डोळे गेले.

सगळ्याच चुका काही चुका नव्हत्या. एकदा ती एका शब्दावर अडून बसली, हा शब्दच नाही म्हणाली. मी सांगितलं, तो खास त्या भागातल्या बोलीचा शब्द आहे, लेखकाने मुद्दाम घातलाय. तिला पटेना. मी छापील पान समोर ठेवून अक्षरं एकेक करून सांगितली. "मग लेखक चुकला," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

शेवटचं प्रकरण पाठवलं त्यानंतर दोन दिवस तिचा फोन नाही. मी वाट बघत होते, हे मला कबूल करायला आवडत नाही. पुस्तक माझ्या जिवाजवळचं, आणि ते मी स्वतःच्या हाताने कापून तिच्यापर्यंत पोचवलं होतं. तिसऱ्या दिवशी ती स्वतःच आली, नवऱ्याबरोबर, त्याची शिफ्ट सुटल्यावर.

"रिजेक्ट," ती म्हणाली.

"काय?"

"पुस्तक. कंपनीत असते तर मी लाल टॅग लावला असता. पहिल्या भागात ती बाई कशी उभी केलीय. गिरणी बंद पडते, ती घर सोडून निघते. आता पुढे काय करील म्हणून मी इतकी वर्षं थांबले. आणि हा माणूस तिला एसटीच्या अपघातात मारतो? आणि उरलेलं सगळं पुस्तक तिचा शिकलेला मुलगा खिडकीत बसून विचार करतो?"

त्या अपघाताच्या पानावर मी रडले होते. मी म्हटलं, "तेच तर मोठेपण आहे त्यात. तिच्यासारखीचं असंच होतं. कुणाला पत्ता लागत नाही. मुलाला आयुष्यभर ते पुरतं."

"काही मोठेपण नाही. तिचं पुढं काय करायचं ते त्याला सुचलं नाही. कारण तिला आता नोकरी नाही, घर नाही, तरी ती जगतेय, हे लिहायला अवघड आहे. मारणं सोपं आहे. तुम्हाला रडू आलं म्हणजे चांगलं पुस्तक झालं का?"

"तुला कादंबरी कशी वाचतात तेच कळत नाही!"

"आणि तुम्हाला रडण्यापलीकडं काही कळत नाही."

तिचा नवरा बिचारा दारात उभा राहून रस्त्याकडे बघत होता. आम्ही किती वेळ भांडलो ठाऊक नाही. मी कधी ओरडले, कधी पुस्तकातली वाक्यं काढून दाखवली. ती ऐकून घ्यायची आणि त्याच वाक्याने मला हाणायची. ती गेल्यावर मी रागाने ती कादंबरी पुन्हा वाचायला घेतली, पहिल्यापासून, तिला खोडून काढायला. एसटीच्या पानावर पोचले. या वेळी मला रडू आलं नाही, आणि त्याबद्दलही मी तिला माफ केलेलं नाही.

त्यानंतर जे झालं ते मात्र पुस्तकातलं भांडण नव्हतं.

एका सकाळी प्रकाशकांचा फोन आला. मुलायमपणा गेला होता. त्यांच्या हातात अपंगांच्या हक्कांचं काम बघणाऱ्या सरकारी कार्यालयाचं पत्र होतं. तिने तक्रार केली होती. विकत घेतलेलं ई-पुस्तक वाचता येत नाही, प्रकाशक दाद देत नाही; आणि पुढे, जे प्रकाशकाला जमत नाही ते चिखलीतल्या अमुक दुकानदार बाईने घरच्या घरी करून दाखवलं. माझं नाव, दुकानाचा पत्ता, सगळं.

"आमचं पुस्तक कापून तुम्ही त्याच्या फाइली करता?" ते म्हणाले. "आणि आम्हालाच चोरीवर भाषणं देता? तुमचा माल आजपासून बंद."

दिवाळी अंकांचे दिवस तोंडावर आले होते. त्यांच्याकडून येणारे अंक आणि नवी पुस्तकं हाच माझा वर्षातला खरा हंगाम. मी दुकानाचं शटर ओढलं आणि स्कूटर काढली. ती कुरुळीला राहते एवढं माहीत होतं. मोशीच्या पुढे कंटेनरांच्या रांगेतून वाट काढत, धूळ खात मी तिथे पोचले तोवर माझ्या तोंडात काय काय शब्द तयार झाले होते.

गावातल्या एका जुन्या घराच्या मागे भाड्याच्या खोल्यांची रांग होती. दोरीवर कंपनीचे निळे शर्ट, प्रत्येक दाराशी जाड बूट. घरमालकीण म्हातारी ओट्यावर लसूण सोलत होती. मी विचारलं तशी म्हणाली, "व्हय, ती ना? आमी तिला बोलत्या फोनची बाई म्हन्तो. त्या टोकाला. पर वरडू नगा, तिचा नवरा झोपलाय."

ती दारातच बसली होती, कानात इअरफोनचं बोंडूक. माझी चाहूल लागताच ते काढलं. मी तोंड उघडलं, तर तिने हात वर केला. "हळू बोला. रात्रपाळी करून झोपलेत. भांडा, पण हळू."

आयुष्यात मी इतक्या हळू आवाजात इतकं भांडले नाही. दात आवळून म्हटलं, "माझं नाव का घातलंस?"

"खरं होतं म्हणून."

"मला विचारलंस?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"माझा माल बंद झाला! तुझ्या एका पुस्तकासाठी माझं दुकान बसेल."

"एका पुस्तकासाठी नाही. तुम्ही प्रत्येक पुस्तक कापत बसणार आहात का माझ्यासाठी? मीच एकटी आहे का अशी? तुम्ही मदत केली म्हणून मी गप्प बसायचं, असं ठरलं होतं का आपलं?"

"उपकाराची जाण ठेवायची असते माणसाने."

"उपकार नव्हता तो," ती कुजबुजली, पण चाकू फिरवावा तसं. "तुम्ही त्यांच्यावर चिडला होता म्हणून केलं. माझ्यासाठी केलं असतं तर मी आभार मानले असते."

ते खरं होतं, आणि खरं असलं म्हणून ते तिने बोलायला हवं होतं असं नाही. आत नवऱ्याने कूस बदलली. म्हातारी लसूण सोलायची थांबून आमच्याकडे टक लावून होती. मी निघाले. तिने "या" म्हटलं नाही, मीही "येते" म्हटलं नाही.

दिवाळीत माझं दुकान अर्धं रिकामं होतं. येणारा जाणारा विचारायचा, अमक्याचा अंक आला नाही का? मी म्हणायची, नाही आला. काहीजण सांगायचे, काही नाही, ग्रुपवर येईलच.

सरकारी पत्राला उत्तर देणं प्रकाशकांना भाग होतं. जानेवारीत त्यांनी कळवलं, काही पुस्तकांच्या वाचता येतील अशा फाइली देऊ, समोरासमोर. कुरुळीला जायला त्यांना सवड नव्हती आणि पुण्याला जायला ती तयार नव्हती. शेवटी ठरलं माझ्या दुकानात. मला कुणी विचारलं नाही, हे सांगायला नको.

प्रकाशक आले ते पेनड्राइव्ह आणि एक टाइप केलेला कागद घेऊन. कागद त्यांनी वाचून दाखवला. ही फाइल मी इतर कुणालाही देणार नाही, ऐकवणार नाही, दिल्याचं आढळल्यास नुकसानभरपाईला जबाबदार राहीन. खाली सही.

"तुम्ही यांच्या दुकानातून पुस्तक विकता, तेव्हा गिऱ्हाइकाकडून असं लिहून घेता का?" तिने विचारलं. "शेजारणीला वाचायला देणार नाही म्हणून?"

"पुस्तकाची गोष्ट वेगळी आहे."

"वेगळी काय आहे? दिसणारा माणूस इमानदार आणि मी चोर?"

"तसं नव्हे, बाई. आम्हाला धोका असतो."

ती माझ्या दिशेने वळली. "तुम्ही सांगा. तुमची पण हीच भीती ना?"

होतीच. आजही आहे. त्या दोघांपैकी एकाचीही बाजू घ्यायची माझी इच्छा नव्हती. एकाने माझा हंगाम बुडवला होता आणि दुसरीने बुडवायला लावला होता. पण हा बाबा माझ्या काउंटरवर बसून माझ्या गिऱ्हाइकाकडून, पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकाकडून, ती चोरी करणार नाही असं लिहून मागत होता. माझ्या दुकानात फोटो काढून जाणाऱ्या एकाही चष्मेवाल्याकडून कुणी कधी सही मागितली नव्हती.

"कागद खिशात ठेवा," मी म्हटलं. "फाइल माझ्याकडे द्या. मी ती छापील किमतीला विकीन, बिल करीन, तुमचा हिस्सा तुम्हाला मिळेल. ती पुस्तक विकत घेतेय. दुकानात पुस्तक असंच विकतात."

"आणि बाहेर गेली तर?"

"तर माझ्याकडे या. पत्ता तुमच्याकडे आहेच, सरकारी पत्रात."

ते बराच वेळ पेनड्राइव्ह बोटांत फिरवत बसले. मग तो काउंटरवर ठेवला, टाकलाच म्हणा, आणि चहा न घेता गेले. माझा माल सुरू झाला, आधीपेक्षा कमी आणि उशिरा. तिने त्यातली दोन पुस्तकं विकत घेतली, तिसरं नको म्हणाली. त्या लेखकाबद्दल तिचं मत वाईट होतं.

उन्हाळ्यात व्हायचं तेच झालं. त्या दोनपैकी एक पुस्तक ग्रुपवर आलं. तासाभरात प्रकाशकांचा फोन. "मी काय म्हणत होतो? झालं समाधान?"

मी ग्रुप उघडला. माझ्याही डोक्यात तिचंच नाव आलं होतं, नाही कसं म्हणू. फाइल उतरवली आणि एकेक पान बघत गेले. पानांचे फोटो होते ते. वाकडे काढलेले, एका पानावर धरणाऱ्याच्या अंगठ्याची सावली, दुसऱ्यावर चहाच्या कपाचा गोल डाग. कुणीतरी डोळस माणसाने छापील प्रत विकत घेऊन, नाहीतर मागून आणून, आरामात बसून काढलेले. तिच्या फाइलमध्ये चित्र नव्हतंच, नुसती अक्षरं होती.

मी प्रकाशकांना फोन लावला. या वेळी माइक बंद करणारं कुणी नव्हतं. ग्राइंडर चालू होता तरी माझा आवाज पलीकडच्या शेडमध्ये गेला, तिथल्या पोरांनी काम थांबवून ऐकलं. प्रकाशक म्हणाले, "बरं, बरं, असेल." एवढंच. मी म्हटलं, तिची माफी मागा. ते म्हणाले, तिला कुठे काय कळलंय, कशाला उगाच. मी म्हटलं, मी कळवते, आणि कळवलं.

सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "ती ग्रुपवरची फाइल मला पाठवा बरं."

"कशाला?"

"ऐकते."

मी पाठवली. थोड्या वेळाने तिने नवऱ्याच्या फोनवरून फोन केला आणि स्वतःचा फोन लावून मला ऐकवला. "चित्र. चित्र. चित्र." मग स्वतः बोलली, "चोरीचं सुद्धा माझ्यासाठी नाही बगा," आणि हसली. मी तिला हसताना पहिल्यांदा ऐकलं. छान हसू नव्हतं ते.

माफी काही आली नाही. प्रकाशकांकडून आणखी फाइली येतात, तिने तक्रारीचा तगादा लावला की एखादी, नाहीतर नाही. आता दिघीचा एक मुलगा आणि सांगवीच्या एक निवृत्त शिक्षिका माझ्याकडून त्याच फाइली घेतात. दोघं गोड बोलतात, आभार मानतात, मी त्यांच्याशी नीट वागते. बाकीची कपाटं त्या तिघांसाठी अजून खोकीच आहेत, आणि मी रोज सकाळी त्यांच्यावरची धूळ झटकते.

परवा मी एक नवी कादंबरी वाचायला घेतली होती. निम्मी झाली होती, रंगात आली होती. ऐन गर्दीत हिचा फोन. तीच कादंबरी तिची आदल्या दिवशी वाचून झाली होती. तिच्या फोनमधली बाई इतक्या वेगात वाचते की मला एक शब्द कळत नाही. मी म्हटलं, गिऱ्हाईक आहे, नंतर बोल, आणि हे बघ, माझी व्हायची आहे, शेवट सांगू नकोस.

"बरा आहे शेवट," ती म्हणाली. "ती परत येते."

मी फोन कापला. तिने पुन्हा लावला, बहुतेक मधलं प्रकरण कसं फसलंय ते सांगायला. मी समोरच्या गिऱ्हाइकाला म्हटलं, "एक मिनिट थांबा हं," आणि उचलला.